हिराजी भावजींचा कलप

आमचे हिराजी भावजी बाजाराला निघाले की मागनं मांजरं निघायची. वाटंवरल्या सगळ्या घरांतली. रेवदंड्याच्या बाजारात पोचेपरत भावजी पुढं नि मांजरांची वरात मागं. लोकं ओटीवरनं वरडायची, "नवरदेव निघाला रं, वऱ्हाड बघा!" भावजी मान ताठ ठेवून चालायचे आणि मिशीला पीळ द्यायचे. मिशी काळीकुट्ट. आणि तिला म्हाकुलाचा वास.

व्हय, म्हाकूल. दर्यातलं. त्याच्या पोटात काळी शाई असते, धरायला गेलं की पिचकारी मारतं. ती शाई भावजी पिकल्या केसांना लावायचे. त्या दिवसांत लोकं सरकारचा कायदा मोडायला दर्यावर मीठ कराया जायची. आमचे भावजी त्याच गर्दीत घुसून कोळणींना इचारायचे, "म्हाकूल गावलं का गं?"

हिराजी भावजी म्हंजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. मालक मुंबईला गोदीत कामाला होते, तिथंच तापानं गेले. पोरं झाली ती जगली न्हायत. भावजींची बायको पयल्या बाळंतपणात गेलेली. घरात ऱ्हायलो आमी तिघं, भावजी, मी आणि आमच्या सासूबाय. चौलाला नारळी-पोफळीची वाडी होती, तिच्यावर पोट भरायचं.

माणूस कामाला वाईट नव्हता. वाडीचं शिपणं वेळेवर, नारळ वेळेवर. पण सगळं ध्यान डोक्यावरल्या केसांत. मला म्हणायचे, "धाकटे, केस म्हंजे माणसाचं छप्पर. गळकं चालंल, पांढरं न्हाय चालायचं."

ते मला बोलू शकायचे. मला थोरल्या दिराला उलटं बोलायची चाल नव्हती. मंग मी जात्याशी बोलायची. दळताना मोठ्यानं म्हणायची, "जात्या, मालक गेले त्या सालात माझं अर्धं डोकं पिकलं. मी गावाला दाखवत फिरले का?"

ओटीवरनं भावजी म्हणायचे, "जात्याला म्हणावं, तुझं तू दळ."

कलपाचे परकार तरी किती सांगू. आदी करवंटी जाळून तिचा कोळसा खोबरेलात खलला. घाम आला की काळे ओघळ गळ्यावरनं खाली. उशी काळी, भिंत काळी, सदऱ्याची मान काळी. धुवायचं कुणी? मी. मंग म्हाकूल झालं. मांजरांचा तरास सुरू झाला तेव्हा मुंबईच्या आगबोटीवरल्या एका खलाश्याकडनं बाटली आणवली. बाटलीवर लांब केसांच्या मडमेचं चित्तर. लावली सकाळी, दुपारपरत भावजींचं तोंड भोपळ्यावाणी सुजलं. कान लाल, डोळे मिटलेले. मी घाबरून शेजारच्या काशीला बोलवाया निघाले, तर आतनं हाक, "धाकटे, काळे झाले का गं? मला दिसत न्हाय."

मी कपाळावर हात मारला.

त्या दिशी जात्याला सगळं सांगून टाकलं. "जात्या, आवळा लोखंडाच्या कढईत भिजवावा. त्यात माका वाटून घालावा, मेंदी घालावी. डोक्याला लावायच्या आदी कोपराच्या आतल्या अंगाला टिपका लावून एक दिस बघावं. खाज आली न्हाय तर पुढं जावं. माझी आय असंच करायची, कुणाची कातडी सोलली न्हाय."

भावजी सुजल्या तोंडानं म्हणाले, "जात्याला म्हणावं, त्याला आठवडा लागतो. मला आज काळे पायजेत."

आज कशाला? कोण बसलंय बघाया? गावाला वाटायचं, दुसरी बायको करणार. मलाही वाटायचं. इचारणार कोण?

आणि माझ्यापुढं खरी काळजी वेगळीच होती. सासूबाय जेवत नव्हत्या. त्यांचं ध्यान ढळलं होतं. कधी म्हणायच्या आज माझं लगीन हाय, कधी मेलेल्या गायीला पेंड मागायच्या. मला तर वळखायच्याच न्हाय. "ही कोण बया घरात घुसली?" माझ्या हातनं पाणी सुदीक घ्यायच्या न्हाय. खायच्या ते फकस्त भावजींच्या हातनं. भावजी पेज घेऊन बसले की "माझा हिरू, माझा बाबा" करत वाटी चाटूनपुसून रिकामी. पण मधी मधी असे दिस यायचे की त्यांच्याही हातनं न्हाय. नाकापरत पदर ओढून दाराआड उभ्या ऱ्हायच्या. दिसभर तोंडात शीत न्हाय. हाताची हाडं वर आली होती, बांगडी कोपरापरत सरकायची. असंच चाललं तर म्हातारी पावसाळा बघायची न्हाय, हे मला दिसत होतं. काशी विहिरीवर सगळ्यांना सांगायची, "सून उपाशी मारते सासूला." मी ऐकायची आणि घागर भरून घरी यायची.

म्हातारी अशी वाळत चाललेली, आणि हा बाबा केसांत बोटं घालून आरशापुढं बसलेला. संताप संताप व्हायचा.

मंग ते बिब्ब्याचं झालं. भावजी परटाकडं गेले होते. परीट कापडावर बिब्ब्यानं खूण करतो, ती कापड फाटेपरत जात न्हाय. भावजींच्या डोक्यात उजेड पडला. कापडावरची जात न्हाय तर केसावरची कशी जाईल? घरी येऊन बिब्बे ठेचले, त्याचं तेल काढलं, डोक्याला चोळलं, मिशीलाही चोळलं. बिब्बा काय असतो ते लहान पोराला ठावं असतं. सांजच्याला डोकं फोडांनी भरलं. वरचा ओठ असा टरारला की "धाकटे" म्हणाया येईना. मी फोडांवर लावाया नारळाचं दूध काढून वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि जात्याला एक शब्द बोलले न्हाय. बोलायसारखं काय ऱ्हायलंच नव्हतं.

वैद्यांनी सांगितलं, फोड सुकेपरत डोक्याला काय लावशील तर कातडी हातात येईल. मंग कलप बंद. हळूहळू भावजींचं डोकं पांढरं झालं, मिशी पांढरी झाली. पयल्यांदाच कळलं, माणूस किती म्हातारा झाला होता.

आणि सासूबायंचं जेवण साफ बंद झालं.

एक दिस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिशी दुपारी मी पेज घेऊन दाराआड गेले. भावजी ओटीवर टेकून बसले होते.

"आत्याबाय, दोन घास घ्या."

सासूबायंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल गं. मामंजी बसलेत."

"कुठले मामंजी?"

"डोळे फुटले काय तुझे? ते काय ओटीवर. ते जेवून उठल्याबिगर मी तोंडात कसं घालू?" मंग बाहेर डोकावून म्हणाल्या, "आणि माझ्या हिरूला हाक मार. सकाळधरनं कुठं उंडारतोय कोण जाणे."

मामंजी म्हंजे सासूबायंचे सासरे. मी या घरात यायच्या आदीच वारलेले. जुनी माणसं सांगायची, लई करडे होते, आणि हिराजी हुबेहूब त्यांच्यावर गेलाय. सासऱ्याच्या आदी सुनंनं जेवायचं न्हाय, त्यांच्यासमोर तर न्हायच न्हाय, ही त्या वेळची चाल. सासूबाय लहानपणी या घरात आल्या तेव्हा अशाच दाराआड उभ्या ऱ्हायल्या असतील. बाकी सगळं इसरल्या, तेवढं इसरल्या न्हायत.

वाटी हातात तशीच. मी बाहेर आले आणि चालबिल सोडून भावजींच्या समोर उभी ऱ्हायले.

"भावजी, तुमाला ठावं होतं?"

ते विहिरीकडं बघत होते. "मुळाशी पांढरं दिसलं की ती मला वळखत न्हाय."

"मंग सांगायचं न्हाय का? सगळं गाव तुमाला नवरदेव म्हणून हसतंय."

"हसूदे," ते म्हणाले. "माझ्या आयला येडी म्हणतील, ते नको."

आतनं सासूबायंच्या बांगडीचा आवाज आला. भावजींनी डोळे मिटले. मंग पाठ ताठ केली, घसा खाकरला आणि मी कधी ऐकला नव्हता अशा जाड आवाजात म्हणाले, "सूनबाय, माझं जेवण झालं. तू जेवून घे."

"व्हय, मामंजी," आतनं आवाज आला. एखाद्या नव्या नवरीचा.

मी आत गेले तशी सासूबायंनी पयल्यांदाच माझ्या हातनं वाटी घेतली आणि भिंतीकडं तोंड करून सगळी पेज पिऊन टाकली. वर आणखी मागितली. भावजी उठून वाडीत गेले. रहाटाचा आवाज मात्र लई वेळ आला न्हाय.

मंग रोज तसंच. रोज मामंजी जेवायचे, रोज सूनबाय जेवायची. पण आतनं रोज इचारणं यायचं, "मामंजी, हिरू आला का?" आणि मामंजींना सांगावं लागायचं, "मुंबईला गेलाय. येईल."

मी कढईत आवळा भिजत टाकला. माका वाटला, मेंदी कालवली. टिपका माझ्याच कोपराला लावून बघितला. खाज न्हाय, लाली न्हाय. भावजींचे फोड सुकून खपल्या पडल्या, नवी कातडी आली, तशी मी कढई घेऊन अंगणात गेले.

"मान खाली करा."

"धाकटे, लोकं काय म्हणतील?"

"म्हाकूल लावून बाजारात फिरलात तेव्हा नव्हतं सुचलं. मान खाली करा."

दिराच्या डोक्याला हात लावतेय म्हणून काशी कुडावरनं वाकून बघाया लागली. "अगो बाय, हे काय?"

"कलप. उरला तर तुला लावते, ये."

काशी गेली. भावजी लहान पोरावाणी बसून ऱ्हायले. एका दिसात काळे झाले न्हायत, आठवडा लागलाच. पण झाले काळे. मिशी सुदीक.

त्या दुपारी पेज त्यांनी आत नेली. सासूबायंनी बघितलं आणि पदर खांद्यावर टाकला.

"आलास रं? किती वाळलास! मुंबईला खायाला देत न्हायत काय?" त्यांच्या गालावरनं हात फिरवला, मंग कानाशी तोंड नेलं. "मामंजी रोज ओटीवर येऊन बसायचे. वरनं करडे, पण मनानं भले. रोज म्हणायचे, जेवलो. मी फटीतनं बघितलं ना, त्यांच्यापुढं ताटच नसायचं. पुन्हा आले तर त्यांना आदी वाढ."

भावजी कितीतरी वेळ पेज ढवळत ऱ्हायले.

"वाढीन हां, आये," ते म्हणाले. "तू आ कर."