गुलाबकाकांच्या छातीतली टिकटिक

आमच्या शेलूबाजारात गुलाबकाका दिसायच्या आधी ऐकू येतात. त्यांच्या हृदयात डॉक्टरांनी धातूची झडप बसवली आहे, ती वाजते. टिक, टिक, टिक. दुपारी लाइट गेली, दुकानातला पंखा थांबला, की मी गल्ल्यावर डुलक्या घेत, डोळे न उघडताच म्हणतो, "या काका." ते राम राम म्हणत नाहीत. छातीवर थाप मारतात. "आयकून राह्यला ना बापू? चालू हाय!"

या टिकटिकीनं कमी घोळ घातले नाहीत. एकदा मंगरूळपीरच्या जीपमध्ये काका ड्रायव्हरशेजारी बसले होते. पुलावर म्हशी आडव्या आल्या, त्यानं इंजिन बंद केलं, तरी टिकटिक सुरूच. बिचाऱ्यानं उतरून बॉनेट उघडलं. काका आतून ओरडले, "तिथं काय पायतं लेका? इकडं वाजून राह्यलं!" लपाछपीत तर गल्लीतल्या पोट्ट्यांनी त्यांना घेणंच सोडलं.

झडप सांभाळायची म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी रोज आणि पालेभाजी बेतानं. ते खातं वच्छलाकाकूंकडे. शुगरनं काकूंची नजर पार गेली होती, पण मेथी त्या स्वतःच्या मुठीनंच मोजत. "येवढीच. जास्त खाल्ली त रक्त घट्ट होते, मंग बसा बोंबलत." अंबाडीच्या भाजीसाठी काका लहान पोरासारखे रुसायचे.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटू देत नाहीत, सोयरे-शेजारी डबे आणतात. नेमके भाज्यांचे दिवस. कोणाची मेथी, कोणाचा पालक. काका कोणालाच नाही म्हणेनात. "लोकं मायेनं आनतेत बापू. मायेचं मोजून कसं खाच?" मोजणारी मूठ गेली होती. रक्त घट्ट झालं, झडपेवर गाठ धरली. टिकटिक बसकी झाली आणि काकांना ओटा चढतानाही दम लागू लागला.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलायची. एक जनावराच्या ऊतीपासून केलेली असते. तिचा आवाज नाही, जन्मभर ती गोळी नाही, भाजी पोटभर खा, मात्र काही वर्षांनी ती झिजते. दुसरी पुन्हा धातूची. ती टिकते, पण गोळी आणि पथ्य मरेपर्यंत. "तुमच्या वयाला पहिली बरी," डॉक्टर म्हणाले. अख्ख्या गल्लीनंही पहिलीलाच मत दिलं.

काका निंबाखाली बाजेवर पडले होते. मोहोर अंगावर गळत होता, वारा जेमतेम हलत होता, मलाही झापड येत होती. तेवढ्यात ते म्हणाले, "मले वाजनारीच पायजे."

माझी झोप उडाली. "काहून पण? एकट्यानं पथ्य पाळणार तुम्ही? जीव नकोसा झाला का?"

डोळे मिटूनच ते बोलले. "तिले दिसत नोतं ना बापू. मी फाटकात आलो का आवाजावरून चहा ठेवे. अंधारात बी मले हाक माराची गरज नोती. आता मी तिकडं गेलो अन् आवाजच नसला, त थे मले कशी ओळखीन?"

अहो, माणूस गेला की झडपही थांबते! अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. काल दुपारी मी असाच पेंगत होतो. डोळे उघडले तर काका समोर उभे. किती वेळचे उभे होते, कोण जाणे. मला कळलंच नव्हतं.

"तुले आयकू नाही आलं?" त्यांचा चेहरा पार उतरला. "नवीन हाय. लय बारीक वाजते बापू." त्यांनी शर्टाची वरची बटणं सोडली आणि गल्ल्यावर वाकले. मी उठलो, पंखा बंद केला, त्यांच्या छातीला कान लावला. खूप आत, हळू, टिक, टिक.

"ओळखीन ना थे?"

 कान तसाच ठेवून मी म्हणालो, "ओळखतील काका. चालू हाय."