हिरव्या हातांचा वर्ग

सोमवारी सकाळी तोन्यानं हात चौथ्यांदा धुतले, तरी नखं तांबडी ती तांबडीच. ईस्टरची अंडी कांद्याच्या सालींत उकळली की सुरेख विटकरी होतात. पण पळीची वाट न बघता ती हातांनीच काढली, तर बोटंही तितकीच सुरेख होतात. तोन्या चाळीस अंडी हातांनी काढून बसली होती.

एरवी कुणी विचारलं नसतं, पण आमच्या तलावाकाठच्या त्या गावात, त्या काळात, सरकारला देवधर्म खपत नसे, आणि देवाचा सण घरातच ठेवायचा असे. हेडमास्तर प्रोखोरोव यांनी शनिवारीच बजावलं होतं: सोमवारी सगळ्यांचे हात तपासले जातील, आणि रंग सापडला तर मे दिनाच्या मिरवणुकीत जागा नाही. यंदा ढोल तोन्याकडे होता. त्यासाठी तिनं अख्खा हिवाळा बादलीवर सराव केला होता आणि दोन बादल्या कामातून गेल्या होत्या.

राख झाली, व्हिनेगर झालं. पेलागेया आजी चहा ओतत शांतपणे म्हणाली, "सणाचा रंग आहे बाई. तो काय धुतल्यानं जातो?"

तोन्याला आजीचाच संशय आला. हिला रंग जायला नकोच असणार. मग तिची नजर फळीवरच्या औषधाच्या बाटलीकडे गेली. गुडघा फुटला की लावायचं ते हिरवं औषध. तांबड्यावर हिरवं लावलं की तांबडं दिसणार नाही, एवढा साधा हिशेब. बाटली जरा जास्तच कलंडली. हात कोपरापर्यंत हिरवे झाले, आणि नाकाला खाज सुटली म्हणून नाकही.

वर्गात रिम्माबाई हातमोजे घालून उभ्या होत्या. एप्रिल संपत आलेला, बाहेर जर्दाळू फुललेले, आणि बाईंच्या हातात लोकरीचे मोजे. पुरावा हाताळताना पोलीसही मोजेच घालतात, हे आठवून तोन्या दारातच थबकली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"पडले, बाई."

"दोन्ही हातांवर?"

"हो."

"आणि नाक?"

"नाकावर पण पडले. नंतर."

बाईंनी डोळे बारीक केले. एवढं औषध म्हणजे खरूजच असणार, असं त्या पुटपुटल्या. तो शब्द ऐकताच तोन्याच्या शेजारची क्लावा खाजवू लागली, तिच्यामागचा बाक खाजवू लागला, आणि पाच मिनिटांत अख्खा वर्ग. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं. रविवारी अंडी सगळ्यांनीच खाल्ली होती. पण खाजवताना प्रत्येकाचा हात बाकाखालीच होता, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी नर्सला बोलावलं.

कानिकेय आपा आल्या. त्या किरगिझ, म्हणजे जन्मानं मुसलमान, त्यांना या सणाचं काही सोयरसुतक नसावं असं वरवर पाहणाऱ्याला वाटे. खरं तर पेलागेया आजीनं दरवर्षीसारखी पाठवलेली तीन अंडी सकाळीच त्यांच्या पोटात गेली होती. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं तोन्याचं एक बोट पुसलं. हिरवं निघालं. खालून तांबडं नख वर आलं.

तोन्याचे डोळे भरले. ढोल गेला, तिला वाटलं, आणि आता तो मागच्या बाकावरच्या त्या मठ्ठ ग्रीशाकडे जाणार.

आपांनी नखाकडे पाहिलं, बाकांखालच्या हातांकडे पाहिलं, आणि शेवटी बाईंच्या हातमोज्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"साथ आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्या वर्गात पसरलीय. प्रत्येकाच्या हाताला हिरवं लावायचं, आणि दोन आठवडे हात कुणी तपासायचे नाहीत. बाई, तुमच्यापासून सुरू करू. मोजे काढा."

पहिल्या बाकावर बसलेल्या तोन्याला सगळं दिसलं. बाईंची दहाच्या दहा नखं कांद्याच्या सालीच्या रंगाची होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिनं घाईघाईनं फळ्याकडे पाहिलं.

"नखांवर दोनदा लावा," बाई हळूच म्हणाल्या.

तासाभरात तीस मुलं आणि एक बाई हिरव्या झाल्या. संशय कुठेच उरला नाही, कारण तो घ्यायला जागाच नव्हती. आपा बाटली बंद करत होत्या, तेवढ्यात दार ढकललं गेलं. दारात हेडमास्तर प्रोखोरोव उभे होते. त्यांचे हात सकाळपासून कोटाच्या खिशात होते, आणि दार त्यांनी खांद्यानंच उघडलं होतं.

"साथ आहे म्हणे," ते घसा खाकरून म्हणाले. "थोडं औषध उरलंय का?"