काळ्या चौकटीतल्या कविता

"रविवारी तुमचं सभागृह भरलं नाही, तर मी कविता लिहिणं सोडून देईन," असं म्हणून लूबेन दरगोवने रोसित्साबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर थाप मारली. रोसित्साबाईंनी सांडलेली कॉफी निमूटपणे पुसली. द्रेनोवीत्साच्या शाळेत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि गावचं सभागृह त्यांनी एकदाच भरलेलं पाहिलं होतं. त्या दिवशी सभागृहाचं छत गळतंय यावर सभा होती.

"अहो, लोकांना द्राक्षं उतरवायचीत," त्या म्हणाल्या. "कवितेला कोण येतंय?"

"येतील. पोरं लिहितील आणि मोठी माणसं धावत येतील. तुम्ही बघतच राहा."

बोलणं ठसक्याचं असलं तरी लूबेन आतून पार धास्तावलेला होता. प्लोवदिव शहरात त्याचं शेवटचं काव्यवाचन झालं तेव्हा समोर तीनच माणसं बसली होती. एक त्याची बहीण, दुसरी ग्रंथपाल आणि तिसरे एक गृहस्थ, जे बस चुकली म्हणून आत आले होते. मेहुण्याने त्याच्यासाठी फरशांच्या दुकानात खुर्ची तयार ठेवली होती. गावोगावच्या शाळांत कवी पाठवण्याची एक योजना निघाली आणि तो तिच्यातून द्रेनोवीत्सात आला तेव्हा लूबेनने बहिणीला शब्द दिला होता की इथंही कुणी आलं नाही, तर मुकाट्याने फरशा विकीन. म्हणजे टेबलावर मारलेली थाप नुसती थाप नव्हती.

शाळेतली पोरं पहिल्या दिवशी फार गुणी निघाली. सगळ्यांनी हंसावर कविता केल्या. द्रेनोवीत्सात हंस कुणी पाहिलेला नव्हता.

"हे सगळं खोटं आहे," लूबेन म्हणाला. कागद परत करताना त्याच्या आवाजात जरा जास्तच धार आली. "तुमच्या गावातलं एखादं जिवंत माणूस घ्या. त्याच्याबद्दल खरं ते लिहा. खोटी स्तुती नको. चार ओळी पुरेत."

"सर, त्यांना राग आला तर?" देसीने विचारलं. ही सगळ्यात धीट पोरगी, तीसुद्धा चाचरत बोलली.

"खरं लिहिलं की राग येतोच. आणि हे बघा, कविता वहीत कुजते. माणसं जिथं थांबून वाचतात तिथं तिला न्या. वर त्या माणसाचा फोटो लावा, म्हणजे कळेल कुणावर आहे ते. खाली लिहा, रविवारी अकरा वाजता, सभागृहात."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. माणसं थांबून काय वाचतात, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

रोसित्साबाई शुक्रवारी दाढ काढायला शहरात गेल्या त्या सुजलेला गाल घेऊन बहिणीकडेच राहिल्या. तिथून त्यांनी कसाबसा फोन केला. "पोरांचे कागद नजरेखालून घाला हो. लावायच्या आधी."

"मी मुलांच्या स्वातंत्र्यात हात घालत नाही," लूबेनने उत्तर दिलं. खरी गोष्ट अशी, की त्या वेळी तो आरशासमोर उभा राहून स्वतःच्या कविता म्हणत होता. रविवारी पोरांचं झालं की शेवटी आपल्याही अकरा वाचाव्यात, असा त्याचा बेत होता.

आता द्रेनोवीत्सात माणसं काय वाचतात? वर्तमानपत्र येत नाही. वाचनालयाची किल्ली कुणाकडे आहे यावर वाद आहे. पण गावात कुणी गेलं की त्याच्या फाटकावर, दुकानाच्या दारावर, बसथांब्याच्या खांबावर आणि चर्चच्या भिंतीवर कागद लागतो. वर फोटो, खाली नाव, त्याखाली चार ओळींची कविता आणि शेवटी अंत्यविधीची वेळ. सगळ्याला काळी चौकट. तो कागद सारं गाव थांबून वाचतं, लहान असो की थोर. पोरांनी जन्मात भिंतीवर कविता पाहिली ती तेवढीच. तेव्हा कविता दिसते कशी, हे त्यांना कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

शाळेच्या छपाईयंत्रातली रंगीत शाई संपली होती, म्हणून फोटो काळेपांढरे आले. कागद उघडाबोडका दिसतो म्हणून वर्गातल्या कीरोने जाड काळ्या पेनने सगळ्यांना सुबक चौकटी आखून दिल्या. आणि शनिवारी तिन्हीसांजेला पोरांनी, नऊ जणांत मिळून निवडलेली, गावातली चार धडधाकट माणसं खांबाखांबावर चिकटवली.

रविवारी सकाळी लूबेनला जाग आली ती चर्चच्या घंटेने. तो खिडकीशी गेला आणि त्याचं काळीज सुपाएवढं झालं. रस्त्यावर माणसं होती! काळे कोट घातलेले पुरुष, काळे रुमाल बांधलेल्या बायका, हातात फुलं. दोघीतिघींच्या हातात झाकलेल्या परातीही होत्या.

"कवितेचा एवढा मान," तो स्वतःशी म्हणाला आणि त्यानेही काळा कोट चढवला.

चौकातल्या कॉफीच्या दुकानापाशी एका म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही प्लोवदिवहून आलात ना? फार बरं केलंत."

"यायलाच हवं होतं," लूबेन म्हणाला.

"बोलणार आहात का?"

"शेवटी. पोरांचं झाल्यावर."

"थोडक्यात आवरा बरं का. चौघं एकदम म्हणजे लोकांना सोसवायचं नाही." म्हाताऱ्याने डोळे पुसले.

पोरं चौघं नव्हती, चांगली नऊ होती. पण लूबेनने ते मनाला लावून घेतलं नाही. कवितेने माणूस आधीच रडतोय, यापुढे हिशेब काय करायचा? तो तरंगतच सभागृहाकडे निघाला. वाटेत मधमाश्या पाळणाऱ्या तानास आजोबांचं घर लागलं, आणि तिथं फाटकापाशी एक म्हातारा टोपी काढून उभा दिसला. ते शेजारचे म्लादेन आजोबा होते. हातात फुलांचा गुच्छ होता आणि ते फाटकावरच्या कागदाशी बोलत होते.

लूबेनने कागदाकडे पाहिलं. वर तानास आजोबांचा फोटो होता. खाली कीरोच्या ओळी होत्या.

तानास आजोबा मधमाश्यांशी बोलतात,
शेजाऱ्याशी बोलत नाहीत.
त्यांच्या खिशात आमच्यासाठी अक्रोड असतात,
फोडून मात्र देत नाहीत.

ओळी चांगल्या आहेत, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार चौकट पाहून आला. घंटा, काळे रुमाल, झाकलेल्या परातींत मयताच्या नावाने शिजवलेले गहू, 'चौघं एकदम', सगळं एका झटक्यात उलगडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने सभागृह भरलं होतं खरं, पण चार जिवंत माणसांना मारून.

तो पुढे होऊन म्लादेन आजोबांना सांगणार, एवढ्यात कुंपणाच्या आत द्राक्षवेलीमागे काहीतरी हललं. मधमाश्यांची जाळी डोक्यावर घेतलेले तानास आजोबा तिथं उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि लूबेनला डोळ्यांनीच दटावलं.

"...पाळी तुझीच होती, तानास," म्लादेन आजोबा कागदाला सांगत होते. "गावच्या दारूच्या भट्टीवर त्या दिवशी तुझीच पाळी होती. माझे आलुबुखार नासायला लागले होते म्हणून मी मध्ये घुसलो. तू ओरडलास, मीही ओरडलो. मग म्हटलं, पहिला तो बोलेल. मेल्या, तू कसला बोलतोयस! मी रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन खोकायचो. म्हटलं, एखाद दिवशी तरी विचारशील, काय रे म्लादेन, औषध घेतलंस का. आता कुणासाठी खोकू?"

लूबेनने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"मला ऐकू यायचं," वेल म्हणाली. "वाटायचं, मुद्दाम मला चिडवायला खोकतोयस."

म्लादेन आजोबांच्या हातून टोपी पडली. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, वेलीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा वेलीकडे पाहिलं. मग ते असे भडकले की लूबेन चार पावलं मागे सरला.

"तू जिवंत आहेस?"

"मला तरी सकाळपासून तसंच वाटतंय."

"मग मध्ये बोलायचं नाहीस? मी मेलेल्या माणसाशी बोलत होतो, तुझ्याशी नाही. माझं बोलणं मला परत दे."

"गेलं आता. एकदा बोललास ते बोललास," तानास आजोबा फाटक उघडत म्हणाले. "बघू ती फुलं. हं. सम आणलीस. म्हणजे खरंच मेलो असं धरून चालला होतास." मेलेल्याला फुलं सम न्यायची आणि जित्याला विषम, एवढं तर लेकराबाळांनाही कळतं. तानास आजोबांनी गुच्छातून एक फूल उपसलं आणि म्लादेन आजोबांच्या कोटाला खोचलं. "आता बरोबर झाली. चल, बघू तरी आपल्याला कुणी मारलंय."

"मी," लूबेन म्हणाला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं, पण उत्तर देण्याच्या लायकीचा तो त्यांना वाटला नाही.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत चौघं मयतं ओळीने बसली, आणि त्यांच्यात नेदेल्या आजीचा आवाज सगळ्यात वर होता. नेदेल्या आजीचं गावात पावाचं दुकान. आपल्याच दारावर आपलाच कागद वाचून ती सकाळी दुकानातच मटकन बसली होती. आणि शेजारणीने तिच्या नावाने गहू शिजवले ते साखर न घालता, म्हणून तर ती जास्तच पेटली होती.

"कुठाय तो कवी? मला नुसतं त्याचं तोंड दाखवा."

पोरं पडद्यामागे एकमेकांना चिकटून उभी होती. देसी रडत होती. कीरोच्या बोटांना अजून काळी शाई होती आणि ती बोटं तो पाठीमागे लपवत होता.

"सर, आम्ही वाईट लिहिलं का?" त्याने विचारलं.

लूबेनच्या खिशात त्याच्या अकरा कविता होत्या. समोर उभ्या जन्मात मिळाला नसता असा श्रोतृवर्ग होता, आणि तो त्याचा गळा धरायला टपलेला होता. मागच्या दाराने गेलं तर दुपारची बस मिळत होती. पण कीरोची ती बोटं त्याला पाहवेनात. तो मंचावर गेला.

"चूक माझी," तो म्हणाला. "कागद बघा म्हणून बाईंनी सांगितलं होतं. मी बघितले नाहीत. मी आरशात बघत होतो. पोरांना मी सांगितलं की जिवंत माणसाबद्दल खरं लिहा, आणि त्यांनी लिहिलं. आपण सगळे हे माणूस गेल्यावर लिहितो. ही पोरं जरा लवकर निघाली, एवढंच. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

नेदेल्या आजी उठली.

"शिव्या नंतर देते," ती म्हणाली. "आधी माझं वाचा. माझा चष्मा घरी राहिलाय. सकाळी नुसतं नाव वाचलं आणि बसले."

देसीने नाक पुसलं आणि वाचलं.

नेदेल्या आजी पाव मोजून देते,
शिव्या मोजत नाही.
बर्फात दुकान बंद असलं की
ती आमच्या दारात पाव ठेवते आणि पळून जाते.

कुणीतरी फसकन हसलं, मग सगळेच हसले. आजी मात्र हसली नाही. "तुम्हाला कसं कळलं मी ठेवते ते?" तिने विचारलं.

"पावलं दिसतात, आजी," देसी म्हणाली. "बर्फात."

आजी खाली बसली आणि तिने काळ्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. जिवंतपणी आपल्यावरची कविता ऐकायला मिळेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं, आणि गावातही कुणाला वाटलं नव्हतं. मग पोरांनी एकामागून एक वाचलं. लोक चुका काढत होते, "अक्रोड फोडून का देत नाहीस रे तानास" म्हणून विचारत होते, आणि परातीतले गहू हातोहात फिरत होते. साखर घालून घेतली होती.

शेवटी रोसित्साबाई सुजलेल्या गालानिशी धापा टाकत दारात आल्या तेव्हा लोक तानास आजोबांच्या अंगणाकडे निघाले होते. म्लादेन आजोबांनी यंदाच्या पहिल्या धारेच्या दारूची बाटली फोडायची ठरवली होती, आणि पाळी तानास आजोबांची होती म्हणून त्यांच्याच घरी.

"तुमच्या कविता वाचायच्या होत्या ना?" बाईंनी विचारलं.

"राहू दे," लूबेन म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण ते तो मनापासून म्हणाला होता.

सोमवारी सकाळी तो बसथांब्यावर पोचला. बाकीचे कागद पोरांनी काढून टाकले होते, पण खांबावर एक नवीन लागला होता. वर त्याचाच फोटो, वर्गात हात वर करून बोलतानाचा. भोवती सुबक काळी चौकट.

लूबेन सरांनी सांगितलं, खरं तेच लिहा.
तर खरं हे, की ते फार बोलतात.
रविवारी ते गप्प बसले,
आणि तेव्हा आम्हाला आवडले.

त्याने ते दोनदा वाचलं. फरशांचं दुकान आता त्याच्या मनातही आलं नाही.

बस आली. ड्रायव्हर सिगारेट ओढायला खाली उतरला आणि सवयीने खांबापाशी थांबला. त्याने कागद सावकाश वाचला, टोपी काढली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "देव त्याला क्षमा करो," तो हळहळला. "वय काही नव्हतं हो. तुमच्या ओळखीचे होते?"

कॉलर वर करून लूबेन जरा बाजूला वळला. "थोडेफार," तो म्हणाला.

"फार बोलायचे वाटतं?"

लूबेनने तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि तो मुकाट्याने बसमध्ये जाऊन बसला.