मीटर नसलेले ऊन

अंजूर येथील बायजाबाईंच्या गच्चीवर वर्षानुवर्षे भरपूर ऊन पडत होते आणि त्याची कोणत्याही कार्यालयात नोंद नव्हती. त्या उन्हात त्या खाडीचा जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळवत आणि भिवंडीच्या बाजारात नेऊन विकत. नवरा गेल्यावर संसार चालला तो या जवळ्यावर. आजवर त्यांचा माल कुणी परत केला नव्हता.

मुलगा मनोज राहनाळच्या गोदामात सुपरवायझर होता. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर परदेश पाहत असे.

"आये, जर्मनीत ऊन न्हाय, तरी छपरावं सोलर पॅनल लावायला सरकार मदत करतं. ऑस्ट्रेलियात तं घराघराव हाय. आनी आपन उन्हात जवला सुकवतो!"

"मंग ती लोकां उन्हात काय सुकवतात?"

"काय न्हाय."

"बिचारी," बायजाबाई म्हणाल्या.

आपल्याकडेही योजना होतीच. मनोजने अर्ज केला. योजनेच्या कार्यालयातून पाहणीला रीमा मॅडम आल्या आणि जवळ्यापाशी थबकल्या.

"मावशी, मासळी असली की कावळे येणार. कावळे आले की पॅनलवर घाण, आणि घाण झाली की वीज कमी."

"कावल्यांना मी हाकलते की!"

"मार्गदर्शक सूचनांत हाताने कावळे हाकलण्याची तरतूद नाही, मावशी."

जवळा अंगणात उतरला. अंगणात सावली होती, कारण समोरच्या शेतात केसरीनाथ शेठचे गोदाम उभे होते. शेत बायजाबाईंच्या घरानेच विकलेले असल्यामुळे सावलीविरुद्ध तक्रार करता येईना. जवळा दमट राहिला, त्याला वास सुटला आणि जुन्या दोन गिऱ्हाइकांनी तो परत आणून दिला. बायजाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

कार्यालयाने सहानुभूतीने विचार केला. सौर घरात विजेवर चालणारे वाळवणी यंत्र घेतल्यास वेगळे प्रोत्साहन होते. शिवाय एक जुनी अडचणही सुटत होती. बायजाबाईंचा वीजवापर इतका कमी होता, की त्यांना वीज वाचवण्यासाठी मदत देणे नियमात बसत नव्हते. यंत्र आल्यावर त्या पात्र ठरल्या.

यंत्र स्वयंपाकघरात बसले. स्वयंपाकघर तापले, म्हणून पंखा आला. पंख्याने वास घरभर पसरवला, म्हणून वास बाहेर फेकणारा दुसरा पंखा आला. दोन्ही पंख्यांसाठी पॅनल वाढवावे लागले आणि गच्ची भरली. आता कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. कपडे वाळवणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. नारळ फुटला. "हे घर पूर्णपणे सूर्यावर चालते," साहेब म्हणाले.

बायजाबाईंनी पदर सावरला. "सायेब, माजा जवला पयलंपन सूर्यावंच सुकत व्हता."

साहेब समजुतीने हसले. "होय आजी. पण तेव्हा त्याला मीटर नव्हता."

पुढे ठाण्याच्या प्रदर्शनात बायजाबाईंना स्टॉल मिळाला. पाकिटांवर 'सौर ऊर्जेने वाळवलेला' असे हिरव्या अक्षरांत छापले होते. भाव दुप्पट, तरीही रांग लागली. स्टॉलशेजारी त्यांच्याच गावच्या जानकीबाई टोपली घेऊन बसल्या होत्या.

"हा कशावर वाळवलाय?" एका गिऱ्हाइकाने त्यांना विचारले.

"उन्हाव."

"म्हणजे उघड्यावर?"

नाकाला रुमाल लावून ते गिऱ्हाईक रांगेत जाऊन उभे राहिले. बायजाबाईंनी जानकीबाईंच्या टोपलीतला चिमूटभर जवळा तोंडात टाकला. कुरकुरीत होता. संध्याकाळी घरच्यासाठी त्यांनी तोच घेतला.

रांगेतल्या त्या गिऱ्हाइकाला मात्र पाकीट मिळाले. परवा पाहुण्यांना जवळा वाढताना तुम्ही ते पाकीट मुद्दाम टेबलावर राहू दिलेत, हिरवी अक्षरे पाहुण्यांकडे करून.