डावीचा नववा थर

जगातील बहुतेक अनर्थांचे मूळ एकाच जातीच्या दोन वस्तू असण्यात आहे. वस्तू एकच असेल तर ती चांगली असते. दोन झाल्या की त्यांतील एक आपोआप वाईट ठरते. वजनमापे खात्यात एकतीस वर्षे तराजूची पारडी तपासलेल्या निरीक्षकांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही निवृत्त होताच त्यांनी गॅरेजमध्ये साधी होडी न बांधता जोडहोडी बांधायला घेतली: लाकडाच्या दोन अरुंद होड्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया आणि वर शीड. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या बेटावर पत्नीला शिडाने नेईन, असा त्यांचा शब्द होता.

लाकूडकाम दीड वर्षात आटोपले. उरले केवळ फायबरग्लासचे अस्तर. हे काम सोपे आहे. लाकडावर काचेचे कापड पसरावे, पातळ रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर मापून घालावा, रोलरने कापडात जिरवावे आणि बुडबुडा राहू देऊ नये. (मिसळलेले रेझिन वीस मिनिटांत दगड होते. निरीक्षकांचा सर्वांत आटोपशीर युक्तिवाद पंचवीस मिनिटांचा असल्याने असे चौदा डबे दगड झाले. घरातील एकही दार आता वाऱ्याने आपटत नाही.)

प्रथम उजव्या होडीला अस्तर चढले. बुडबुडे एकवीस. त्या अनुभवाने हात बसला आणि डावीला बाराच आले. येथवर कोणाचीही चूक नाही. परंतु डावी सरस ठरताक्षणी उजवी सदोष ठरली, म्हणून उजवीला दुसरा थर देणे न्यायाचे होते. तो डावीहून सुबक झाला. आता अन्याय डावीवर होता.

या न्यायदानात पाच वर्षे गेली. सहाव्या थरानंतर होडी बुडण्याची शक्यता शून्यावर आली, कारण ती उचलून पाण्यापर्यंत नेण्याची शक्यता शून्यावर आली होती.

"भाऊजी, मासे काय भिंग घेऊन बसलेत खाली?" मेहुण्याने विचारले. त्याच्याकडे स्वतःची एक जुनी होडी होती. तिला तीन घरांचे उरलेले रंग लावलेले होते.

"प्रश्न माशांचा नाही, तत्त्वाचा आहे," निरीक्षक म्हणाले, आणि पंधरावा डबा दगड झाला.

स्टुलावर बसून कापडाचे टोक धरणे हे पत्नीचे काम. होडीसाठी ती पंचावन्नाव्या वर्षी पोहायला शिकली होती. खुंटीवरच्या तिच्या लाइफ जॅकेटची चेन गंजत आली होती.

उजवीवर नववा थर चढला, तेव्हा बुडबुडा एकही नव्हता. निरीक्षकांचे डोळे भरून आले. मग त्यांनी डावीकडे पाहिले.

"अहो, पुरे आता," पत्नी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी हे गुडघे होडीत चढणार नाहीत."

"एकच थर. मग दोन्ही समान."

"हे तुम्ही तिसऱ्या थरालाही म्हणाला होतात."

"तेव्हा ते खरे नव्हते," निरीक्षकांनी प्रामाणिकपणे मान्य केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डावीसमोर उभे राहिले, तेव्हा हार्डनर मोजण्याचा मग (खात्याची मुद्रा असलेला) जागेवर नव्हता. स्टुलावर कोणी नव्हते. खुंटी रिकामी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेटाच्या दिशेने एक तीनरंगी होडी, किंचित कलून, जाताना दिसत होती.

दुपारी पत्नी गुडघ्यापर्यंत भिजून परतली. इतकी हसताना तिला निरीक्षकांनी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

"पाणी शिरत होतं?" त्यांनी विचारले.

"तर! सारखं उपसत होते."

"किती मग पाणी?"

"मोजलं नाही."

निरीक्षकांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "आणि मापाचा मग कुठाय?"

"बेटावरच राहिला बाई. उद्या आणते."

"उद्या?"

"येताय का? दादा म्हणतो, जागा आहे."

निरीक्षकांनी डावीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशीही मग आला नाही. पत्नी मात्र गेली, आणि आता रोज जाते. तूर्त उजवीवर नऊ थर आहेत, डावीवर आठ. बाई बेटावर पोहोचल्या, या आनंदात जे वाचक येथेच थांबतील त्यांचे अभिनंदन. मात्र डावीचा नववा थर राहून गेला, याची ज्यांना मघापासून रुखरुख लागली आहे, त्यांच्यासाठी गॅरेजमधले स्टूल रिकामे आहे. येताना मापाचा मग तेवढा आणावा.