कलपाची आणि कुलूपबंद बागेची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. लिहिणाराच्या हातास बळ येवो आणि ऐकणाराचे डोळे शेवटपर्यंत उघडे राहोत. शके सोळाशे सत्याहत्तर, युवा नाम संवत्सर, ते समयी राज्यात वर्तमान घडले ते ऐसे.

श्रीमंत धारराव महाराजांनी पन्नाशी ओलांडली आणि मिशा पांढऱ्या जाहल्या, मग महाराजांनी मिशांस काळा कलप लावविला आणि हुकूम फर्माविला की, "राज्यात म्हातारे काही दिसो नये." मनुष्यांस हा हुकूम लागू करणे कठीण, सबब बागेस लागू केला. मग बागेचे दरोगे भिकाजीपंत रोज प्रातःकाळी कात्रीवाले घेऊन निघत आणि जे फूल मान टाकी ते छाटीत. हे पाहोन राणीसाहेब द्वारकाबाई बोलिल्या, "सुकले ते छाटावयाचे, तर आमचेही केस पिकले. आम्हांस कधी छाटता?" महाराजांनी हसण्यावारी नेले. राणीसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या खाजगी बागेस कुलूप घातले, किल्ली कमरेस खोचली आणि माहेरी निघोन गेल्या.

मग महाराजांस महाल खावयास उठला. भाजीत मीठ नाही म्हणोन आचाऱ्यावर रागे भरत आणि वस्तुतः मीठ पुष्कळ असे. शेवटी स्वार पाठविला, तो निरोप घेऊन आला की, "रथसप्तमीच्या हळदीकुंकवास येऊ. राहावे की परतावे, ते बाग पाहोन ठरवू." मग महाराजांनी कंबर कसली आणि कात्रीवाले दुप्पट केले आणि कलपही दुप्पट केला. परंतु एकाही फुलास बी धरू दिले नव्हते, तेव्हा हिवाळी पेरणीस बी कोठून यावे? रथसप्तमीस बागेत नुसत्या काड्या उभ्या. भिकाजीपंत अदबीने म्हणाले, "हुकुमाची तामिली चोख जाहली. म्हातारे फूल एक नाही."

"आणि तरणे?"

"तेही नाही, महाराज."

इतक्यात राणीसाहेबांची पालखी आली. त्यांनी काड्या पाहिल्या आणि थेट जाऊन आपले कुलूप उघडिले. महाराज मागोमाग गेले आणि दारातच थबकले. तेथे कात्री पोचली नव्हती. कोंबड्याच्या फुलांचे तुरे वाळोन विटकरी मखमल जाहले होते आणि मोरवेलीची फुले जाऊन रुपेरी केसांचे झुबके आले होते आणि हौदात पाकळी एक नसता कमळाची बोंडे ताठ उभी होती आणि सूर्यफुलांच्या झुकल्या माथ्यांवर राघू दाणे टिपीत होते. महाराजांस फार लाज वाटली. त्या लाजेने घाम फुटला आणि घामाने कलप हनुवटीपर्यंत उतरला. हौदात पाहतात तो आपलेच तोंड काजळीच्या तव्यासारखे. मग स्वतःशीच म्हणाले, "ह्या रूपासाठी आम्ही राज्य भादरले!" आणि मिशी खसाखसा धुतली. एक बाजू पांढरी निघाली, तैसेच वळून पुसते जाहले, "राहता का?"

राणीसाहेब पदर तोंडास लावून हसल्या आणि बोलिल्या, "अहो, आधी दुसरी बाजू धुवा." मग कमरेची किल्ली काढून महाराजांच्या ओल्या हाती दिली.

सारांश, राणीसाहेब राहिल्या, त्यांच्या बियाण्यावर राज्याची बाग पुन्हा उभी राहिली आणि ही फजिती जैसी घडली तैसी लिहावी ऐसी खुद्द महाराजांची आज्ञा जाहली, ती येथे पाळिली. प्रस्तुत लेखकानेही त्याच दिवशी कलप सोडिला. परंतु डोकीस मुळी केसच नसल्याकारणे फरक कोणाचे ध्यानी आला नाही.