सम अध्याय तिचे

आमच्या कादंबरीचा नियम मी केला, आणि तो इतका बिनतोड होता की मी स्वतःवरच खूश होतो. विषम अध्याय माझे, सम बायकोचे. नायक माझा, नायिका तिची. एकदा लिहिलं की दुसऱ्याने त्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. नवराबायकोने एका टेबलावर बसून पुस्तक लिहायचं, तर एवढा बंदोबस्त हवाच!

गोष्ट बर्फावर स्केटिंग करणाऱ्या दोघांची. एकाच रिंगणात वाढलेले, एकमेकांना पाण्यात पाहणारे, आणि प्रशिक्षकाने बळेच त्यांची जोडी जमवलेली. शेवटी त्यांनी प्रेमात पडायचं, एवढं ठरलं होतं.

पण तिसऱ्या अध्यायात मी तिच्या नायिकेला उडी मारताना पाडलं. म्हटलं, तोरा जरा उतरू दे. चौथ्यात माझ्या नायकाचा घोटा मुरगळला.

"हा सूड आहे," मी म्हणालो.

"कथानकाची गरज आहे," बायको पेन्सिलीला टोक करत म्हणाली.

पाचव्यात नायिका गिरकी घेता घेता परीक्षकांच्या टेबलावर आदळली. सहाव्यात भर स्पर्धेत नायकाची विजार फाटली. पुस्तक संपत आलं तोवर घरातही आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

प्रकाशक बाईंनी तोवरचं सगळं वाचून फोन केला.

"एक विचारू? जोडीतला एक पडला की गुण दोघांचेही जातात ना?"

"हो, अर्थात."

"मग तुमची जोडी प्रत्येक स्पर्धेत शेवटची येतेय. प्रेमाचं सोडा, हे दोघं एकमेकांना कोर्टात खेचतील. शेवटचा अध्याय पटला तर छापते. नाहीतर राहू द्या."

फोन स्पीकरवर होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतकी पानं लिहून ही साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती.

शेवटचा अध्याय सम, म्हणजे तिचा. तिने कोरा कागद पुढे घेतला, वर अध्यायाचा आकडा घातला आणि पेन खाली ठेवलं.

"मला या माणसाच्या प्रेमात पडता येत नाहीये."

"नायकाच्या ना?" मी विचारलं.

ती उठून खिडकी लावायला गेली. पुस्तकाचं काय व्हायचं ते होवो, पण हे तिथेच सोडून चालणार नव्हतं.

म्हणून मीच म्हणालो, "आपण दोघंही कधी बर्फावर उभे राहिलेलो नाही. चल, बघून तर येऊ."

बर्फाच्या रिंगणावर स्केटिंग शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की कठडा सोडू नका. बायकोने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. ती बघतेय म्हणून मी सोडला. माझा एक पाय पुढे गेला, दुसरा त्याला न विचारता बाजूला निघाला. तेवढ्यात बायकोने कठडा सोडून माझा स्वेटर धरला, आणि आम्ही दोघंही पाठीवर घसरत रिंगणाच्या मध्यावर जाऊन थांबलो. चिमुरडी पोरं आम्हाला वळसा घालून पुढे जात होती.

"कठडा कशाला सोडलास?" मी विचारलं.

"तू पडत होतास."

"मग तूही पडलीस की."

"हो. ते पडल्यावर लक्षात आलं." आणि ती हसायला लागली.

ते हसू मी किती दिवस ऐकलं नव्हतं! भिजल्या विजारीत आडवा पडून मला एकदम कळलं, की पुस्तकापायी मी काय घालवायला निघालो होतो.

"उठताना एकमेकांना धरू नका, पुन्हा पडाल," बाई ओरडल्या. आम्ही धरलं. पुन्हा पडलो.

घरी येताच ती लिहायला बसली. हंगामातल्या शेवटच्या स्पर्धेत, पहिल्यांदाच पदक दिसू लागलेलं असताना, नायक घसरतो. नायिकेने त्याला लगेच ओढून उठवलं असतं आणि दोघांनी पुढचं पुरं केलं असतं, तर थोडे गुण जाऊनही पदक हातचं जाणार नव्हतं. पण ती थांबते आणि त्याच्याशेजारी बर्फावर बसते. पुस्तकभर जिला डोळ्यात तेल घालून जपलं, तिला बायकोने आपल्या हाताने हरू दिलं. वाचताना मला भरून आलं. प्रकाशक बाईंनाही आलं, आणि त्यांनी लगेच छपाईची तयारी सुरू केली.

फक्त शेवटची ओळ मला खटकते. नायकाला हात देत नायिका म्हणते, "पण आधी तूच पडलास."

"तेवढं एक वाक्य काढ ना," मी अजिजीने म्हणालो.

"स्वल्पविरामही हलवायचा नाही," बायको म्हणाली, आणि तिने छापखान्यात जायच्या पानांचं पाकीट चिकटवलं.

नियम माझाच होता.